शिळी ऊब

याही ऑक्टोबरात रेडिएटरमध्ये पाणी खळखळलं
तशी मी चारही चाव्या आवळल्या.
खाणीच्या कचेरीत एकतीस वर्षं
दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवलेत मी, वेलिचकाने.
तिसरा मजला म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.
खाली राय्को. त्याचं छत ती माझी जमीन.
छत तापवायचे पैसे तो भरणार,
पाय माझे शेकणार.
यात चोरी कसली? ऊब वर जाते,
मी काही तिला बोलावणं धाडलं नव्हतं.

नोव्हेंबर निभावला.
एकाच पातेल्यात बटाटे, त्यातच अंडी,
झाकणावर कालचा पाव, मऊ व्हायला.
उरलेलं आधण थर्मासमध्ये.
कपडे धुवायचे ते रात्री, वीज तेव्हा स्वस्त;
पर्निकमध्ये पहाटे दोनला आमची सगळी इमारत गुरगुरते,
म्हणजे ही हुशारी माझी एकटीची नव्हे,
हे तेव्हाच कळायला हवं होतं.

मीटर वाचणारा पोरगा आला,
रेडिएटरवरच्या डब्यांमध्ये एकेक डोळा लावला.
"शून्य. शून्य. शून्य. शून्य.
आजी, तुम्ही इथेच राहता ना?"
मी त्याला बाही वर करून दाखवली,
तिच्या आतली बाही, तिच्या आतली.

डिसेंबरच्या अकराला पाय खाली टेकवला
आणि जमीन परकी लागली.
दोन दिवस मोजे वाढवले.
तिसऱ्या दिवशी मनात आलं ते तोंडाने बोलत नाहीत.
राय्को अठ्ठ्याहत्तरचा,
छातीत अजून खाणीची धूळ.
भाजल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी उचलली;
असल्या कामाला रिकाम्या हाताने जाऊ नये.

त्याने दार उघडलं.
डोक्यात कानटोपी, अंगात गेलेल्या बायकोचा कोट.
जिवंत. मला रागच आला.
"रेडिएटर का बंद केलास?"
"आत्ता कुठे? तो तीन वर्षं बंदच आहे," तो म्हणाला.
"दोब्रिंकाच्या जिवावर चाललं होतं माझं.
परवापासून बाई चिक्कू झालीय."

दोघं मिळून खाली गेलो, भांडायलाच.
दोब्रिंका शिवणयंत्राशी, बोटं कापलेले हातमोजे घालून.
तिचे पाइप तर सासऱ्यानेच कापून विकलेले.
"मला काय करायचेत? खाली स्टामेनची बेकरी आहे ना!
पहाटे चारला भट्टी लागते,
दुपारपर्यंत माझी जमीन कशी…"
आणि गप्प झाली.
जिन्यात पावाचा वास नव्हता.
नाकं तिघांनाही होती. किती दिवस नव्हता,
एकालाही सांगता येईना.

शटरवर टेपने चिकटवलेला कागद:
भट्टीचं बिल झेपत नाही. माफ करा. स्टामेन.

आम्हाला म्हणाला, माफ करा!
मी पायरीवर बसून हिशोब मांडला, सवयच ती.
दोब्रिंकाचे बारा हिवाळे, राय्कोचे तीन, माझे सात.
आणि त्याच्याकडून मी घ्यायची
तो कालचा पाव, अर्ध्या दरात,
वर एखादं स्टोटिंकी कमी कर म्हणून घासाघीस.
वहीत लिहिलं: स्टामेन, देणे.
पुढचा आकडा अजून कोरा आहे.

ठरलं असं, की राय्कोचा रेडिएटर उघडायचा
आणि बिल वाटून घ्यायचं.
दोब्रिंका म्हणाली, मी त्याच्या खाली, मला काय मिळणार?
तिला राय्कोच्या स्वयंपाकघरात खुर्ची मिळाली,
यंत्रासकट.
चावी गंजलेली. राय्कोने पक्कड आणली,
उजवीकडे की डावीकडे यावरून पाऊण तास गेला.

तेवढ्यात वरून चौथ्या मजल्यावरचा पान्चो उतरला,
घोंगडी पांघरून, घुश्शात:
"वेलिचका, तुमच्याकडे काय बिघडलंय?
माझी जमीन गार पडलीय."

त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने.
मग म्हणाला, ठीक आहे, पण माझा वाटा कमी धरा,
माझ्यापर्यंत पोचते तोवर
ती शिळी झालेली असते.